मुलीच्या जबड्यातली जायंट सेल गाठ: ऑपरेशनशिवाय जाईल का?

हडपसरच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी १४ वर्षांची, नववीत, शाळेच्या खो-खो संघात. खालच्या जबड्याला उजवीकडे, सुळ्याच्या खाली, तीनेक महिन्यांपासून फुगवटा आलाय, दुखत नाही. ओपीजीत, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेत, साधारण ३ सेंटिमीटरचा काळा डाग. बायोप्सीचा रिपोर्ट ‘सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा’, म्हणजे हाडाच्या आत झालेली, कॅन्सर नसलेली गाठ. एका सर्जननी जबड्याचा तेवढा भाग काढून प्लेट बसवायला सांगितलं, दुसऱ्यांनी ‘इंजेक्शननं जाईल’ म्हटलं, आणि मुलीची आत्या होमिओपॅथीचं म्हणतेय. कोणाचं ऐकायचं? आणि जाता जाता एक ओळ: खो-खो बंद करायचा का?

ऑपरेशन टळण्याची शक्यता चांगली आहे. पण इंजेक्शनची तारीख घेण्याआधी एक गोष्ट बघा. तुम्ही पाठवलेल्या कागदांत हिमोग्लोबिन आहे, साखर आहे, एचआयव्ही आणि कावीळ आहे. कॅल्शियम नाही आणि पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, तेही नाही. ही दोन नावं त्या यादीत नसताना कोणी सुरी उचलत असेल किंवा सुई, दोघांनाही थांबवा.

त्याचं कारण असं. बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पॅथॉलॉजिस्टला अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या थोरल्या पेशी दिसतात, आजूबाजूला लांबट पेशी आणि सांडलेलं रक्त. नेमकं हेच चित्र जबड्याच्या आणखी दोन-तीन आजारांतही दिसतं. मानेतली, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की हाडात जो ‘ब्राउन ट्यूमर’ होतो तो हुबेहूब असाच. लहान मुलांत दोन्ही बाजूंचे जबडे फुगवणारा चेरुबिझम असाच. अन्युरिझमल बोन सिस्ट, म्हणजे हाडातल्या रक्तानं भरलेल्या पोकळीचे काही भागही असेच. चार भाऊ, एकाच तोंडवळ्याचे. पॅथॉलॉजिस्ट तोंडवळा सांगतो. कोणता भाऊ ते रक्ततपासणी, एक्स-रे आणि रुग्णाचा चेहरा यांवरून आपण ठरवायचं असतं. चांगला पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टच्या तळाशी ‘रक्तातलं कॅल्शियम बघून घ्यावं’ अशी ओळ लिहितो. तुमच्या रिपोर्टवरही ती आहे, बारीक अक्षरांत. कोणी वाचलेली दिसत नाही.

इंदापूरकडच्या एक बाई काही वर्षांपूर्वी आल्या होत्या. वय चाळिशीच्या अलीकडे. खालच्या जबड्यातली गाठ दोनदा खरवडून काढलेली, दोन्ही वेळा परत आलेली. तिसऱ्यांदा जबडाच काढायचं ठरलं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘मूतखड्याचंही दोनदा झालंय, हाडं तर रोजच दुखतात.’ कॅल्शियम वाढलेलं, पीटीएच कितीतरी पटींनी वर. मानेची सोनोग्राफी आणि एक स्कॅन झाला, आणि थायरॉइडच्या मागे भुईमुगाच्या दाण्याएवढी पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ सापडली. ती काढली. पहिले काही दिवस रक्तातलं कॅल्शियम उलट इतकं खाली आलं की सलाइनमधून द्यावं लागलं, कारण उपाशी हाडं ते ओढून घेत होती. जबड्याला मात्र आम्ही बोटही लावलं नाही. वर्षभरात ती पोकळी आपोआप भरली.

तुमच्या मुलीला हे असण्याची शक्यता कमीच, पण तपासणी एका नळीभर रक्ताची आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, पीटीएच आणि ड जीवनसत्त्व एकदमच करून घ्या. ड जीवनसत्त्व यासाठी की सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास अशा मुलांत ते बरेचदा खाली असतं आणि त्यामुळे पीटीएच थोडं वर जातं. कॅल्शियम नॉर्मल, ड कमी आणि पीटीएच किंचित वाढलेलं असेल तर घाबरू नका. ड भरून काढून पुन्हा तपासायचं.

आता धरून चालू की रक्त ठीक आहे आणि ही खरोखर जायंट सेल ग्रॅन्युलोमाच आहे. हेन्री जॅफी यांनी १९५३ साली हा आजार हाडांच्या जायंट सेल ट्यूमरपासून वेगळा काढला आणि त्याच्या नावात ‘रिपेरेटिव्ह’, म्हणजे दुरुस्तीचा, असा शब्द घातला. हाड स्वतःची डागडुजी करतंय असा त्यांचा समज. पुढे तो शब्द गळून पडला, कारण यातल्या काही गाठी डागडुजी सोडून भलतंच करतात: झपाट्यानं वाढतात, दातांची मुळं खातात, हाडाची बाहेरची भिंत फोडतात, दुखतात. बाकीच्या शांत असतात, हळू वाढतात आणि एखाद्या दिवशी दातांच्या एक्स-रेत अचानक दिसतात. एकाच नावाखाली हे दोन स्वभाव असल्यामुळेच दोन सर्जन तुम्हाला दोन टोकाची उत्तरं देतायत. तुमच्या मुलीची गाठ मला शांत गटातली वाटते: दुखत नाही, ओठ बधिर नाही, मुळं शाबूत दिसतात. मात्र ओपीजी हे सपाट चित्र आहे. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून गालाकडची आणि जिभेकडची भिंत किती उरलीय ते बघायला हवं.

शांत गाठीत मी इंजेक्शनपासून सुरुवात करतो. गाठीच्या आतच स्टेरॉइड सोडण्याची ही पद्धत १९८८ सालापासून लिहिली-वापरली जातेय. औषध ट्रायमसिनोलोन, म्हणजे सांध्यात किंवा वण उंचावलेल्या जखमेत देतात तेच. मिलिलिटरला १० मिलिग्रॅमचं ट्रायमसिनोलोन आणि तेवढंच भुलीचं औषध एकत्र करायचं, गाठीच्या दर २ सेंटिमीटरमागे साधारण २ मिलिलिटर, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आपल्याकडे हेच औषध ४० मिलिग्रॅमच्या ताकदीतही येतं, त्यामुळे व्हायलवरचा आकडा मी सिस्टरला मोठ्यानं वाचायला लावतो.

प्रत्यक्षात होतं असं: आधी नेहमीसारखी दात काढताना देतात ती भूल. मग जरा जाड सुई हिरडीतून हाडावर टेकवायची आणि दाबायची. गाठीवरचं हाड अंड्याच्या कवचासारखं झालेलं असतं, सुई ‘टक्’ करून आत जाते. पहिल्या वेळी आत काहीच अडथळा नसतो, लोण्यात गेल्यासारखी फिरते. आधी पिस्टन मागे ओढून बघतो. थोडं काळपट रक्त येणं अपेक्षितच आहे. मग एकाच जागी न सोडता सुई तीन-चार दिशांना वळवून औषध पसरवायचं. मुलं याला घाबरत नाहीत, दाबाला मात्र कंटाळतात, कारण औषध शिरताना आत ताणल्यासारखं दुखतं. दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी.

मजा चौथ्या-पाचव्या आठवड्यात येते. त्याच जागी, त्याच जाडीची सुई, आणि ती आत जात नाही. मनगटाला जोर लावावा लागतो, मिलिलिटरभर औषध शिरवायलाही घाम फुटतो. एक्स-रेत अजून काही दिसत नसतं, पण हाताला कळतं की आत हाड बनू लागलंय. मागे एका मुलाला श्रावणात सुरुवात केली होती. विसर्जनानंतरच्या सहाव्या खेपेला सुई वाकली आणि पुढं गेलीच नाही. त्याची आई काळजीनं विचारायला लागली, काय झालं. मी हसत होतो.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींत गाठ अर्धी भरते आणि थांबते, मग उरलेली छोटी पोकळी खरवडून काढावी लागते. तेही जबडा कापण्यापेक्षा कितीतरी सोपं. काहींत काहीच फरक पडत नाही. खरवडूनही काही गाठी परत येतात, विशेषतः आक्रमक स्वभावाच्या. म्हणून तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी ‘जाईल’ म्हटलं असेल तर ते शब्द जरा सैल करून घ्या. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात ओपीजी, वर्षानं सीबीसीटी, आणि पुढची काही वर्षं अधूनमधून बघत राहणं हा उपचाराचाच भाग आहे. मधुमेह, टीबी किंवा अंगात दुसरा कुठला जंतुसंसर्ग असेल तर मी स्टेरॉइड देत नाही. मुलीच्या छातीचा एक्स-रे काढून घ्या, घरात कोणाला टीबी झाला असेल तर आधी सांगा.

दुसरा पर्याय तुमच्या वाचनात आला असेल: कॅल्सिटोनिन. रोज त्वचेखाली इंजेक्शन किंवा नाकात फवारा, तेही बरेच महिने. १९९३ साली मॅल्कम हॅरिस यांनी याचे चांगले निकाल छापले तेव्हा आम्हा सगळ्यांना हुरूप आला होता. पुढे २००६ मध्ये हॉलंडमध्ये खरं औषध आणि खोटं औषध अशी शेजारी ठेवून तुलना झाली, तेव्हा दोन्हींत ठळक फरक निघाला नाही. मळमळ मात्र खऱ्या औषधानं होते. मी हल्ली ते फारसं वापरत नाही.

डेनोसुमॅबबद्दल मात्र सावकाश वाचा, कारण पुढच्या वेळी कोणीतरी तुम्हाला ते नक्की सुचवेल. गाठीतल्या त्या थोरल्या पेशी खरं तर नुसते मजूर आहेत. हाड पोखरा हा निरोप देणारे मुकादम म्हणजे शेजारच्या लांबट पेशी, आणि निरोपाचं नाव रँकल. डेनोसुमॅब हा निरोपच वाटेत पकडतं. निरोप पोचला नाही की मजूर नाहीसे होतात, हाड भरतं, एक्स-रे बघून आपण खूश होतो. अमेरिकेत २०१३ साली हाडांच्या जायंट सेल ट्यूमरसाठी त्याला मान्यता मिळाली, पण प्रौढांसाठी आणि हाडांची वाढ पूर्ण झालेल्या किशोरांसाठी. जबड्यातल्या ग्रॅन्युलोमासाठी ते मान्यतेबाहेर वापरलं जातं. डोस १२० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, पहिल्या महिन्यात आठव्या आणि पंधराव्या दिवशी जादा. तुमच्या आईला ठिसूळ हाडांसाठी वर्षातून दोनदा मिळतं ते ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन हेच, त्यामुळे ‘आजीला चालतं मग नातीला का नको’ असा प्रश्न येतो. नको यासाठी की मुकादम जागेवरच असतात. औषध थांबलं की काही गाठी पुन्हा डोकं वर काढतात. शिवाय वाढत्या वयात औषध थांबवल्यावर महिन्यांनी रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उसळी मारतं. उलट्या, सुस्ती, मूत्रपिंडावर ताण, दवाखान्यात दाखल व्हावं लागेपर्यंत. आणि जबड्याच्या आजारासाठी दिलेल्या या औषधानं जबड्याचंच हाड मरण्याचा धोकाही असतो. चेहऱ्याचा मोठा भाग व्यापलेली, दोनदा परत आलेली, कापली तर नाक-डोळ्यापर्यंत जाणारी गाठ असेल तर हे औषध मोलाचं आहे आणि ते हाडांच्या किंवा हार्मोन्सच्या डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं. तुमच्या मुलीच्या ३ सेंटिमीटरसाठी मी ते आज काढणार नाही.

आत्याबाईंना काय सांगायचं? साबुदाण्याच्या गोळ्यांवर माझं वैर नाही, पण या गाठीवर त्यांचा काही उपयोग मी पाहिलेला नाही. गाठ शांत असेल तर सहा महिने गोळ्या खाऊनही ती शांतच दिसेल आणि श्रेय गोळ्यांना जाईल. आक्रमक असेल तर त्या सहा महिन्यांत हाडाची भिंत जाईल. हवं तर गोळ्या खा, पण सुई आणि एक्स-रे चुकवू नका.

असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या इतरांसाठी थोडं लिहितो. कारण ‘जबड्यात गाठ, ऑपरेशन सांगितलंय’ म्हणत जे लोक कर्वे रोडवर माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना तुमच्या मुलीचा आजार नसतोच. सर्वांत जास्त दिसते ती मेलेल्या दाताच्या मुळाशी झालेली गाठ. वरचा समोरचा दात, लहानपणी कधी क्रिकेटचा बॉल लागलेला, दात थोडा करडा पडलेला. बर्फासारखा गार केलेला कापसाचा बोळा शेजारच्या दाताला लावला की माणूस दचकतो, या दाताला लावला तर गप्प. इथे रूट कॅनाल नीट केली, आतला सडका भाग धुऊन काढला, गरज पडल्यास काही आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवलं, तर मुळाशी असलेली पोकळी बरेचदा कोणीही न कापता भरते. सहा महिन्यांत आकसताना दिसते, पूर्ण भरायला एक-दोन वर्षंही लागतात. त्या दोन वर्षांत धीर सुटतो तो रुग्णाचा नाही, डॉक्टरचा.

याच्या अगदी उलट प्रकार चाळिशी ओलांडलेल्या बायकांत. खालच्या समोरच्या दातांच्या मुळाशी काळे, पुढे पांढरट होत जाणारे ठिपके. एक बाई आल्या तेव्हा तीन चांगल्या, जिवंत दातांची रूट कॅनाल आधीच सुरू झालेली होती. उरलेल्या दातांना गार बोळा लावला, सगळे लख्ख जागे. हा सिमेंटो-ऑसियस डिसप्लेझिया, हाडाची एक सवय म्हणा. त्याला उपचार नाही, बायोप्सीही नको, कारण पुढच्या टप्प्यात तिथलं घट्ट हाड उघडलं की जंतू शिरतात आणि वर्षभर भरत नाही. दात सांभाळा, एवढंच. तसंच जबड्याच्या कोनाशी, नसेच्या कालव्याखाली दिसणारा गोल खळगा. एडवर्ड स्टाफ्नी यांनी १९४२ मध्ये वर्णन केलेला. ती गाठ नसून हाडात शेजारच्या लाळग्रंथीनं केलेली बैठक असते. माझं काम तिथे ऑपरेशन रद्द करण्याचं.

चेरुबिझमचं वर नाव घेतलं म्हणून तेवढं सांगतो: दोनचार वर्षांच्या मुलाचे दोन्ही गाल फुगले आणि घरात आणखी कोणाचे लहानपणी तसे होते, तर वाट बघा. वयात आल्यावर बहुतेकांचं ते स्वतःहून ओसरतं.

पण ‘कॅन्सर नाही’ म्हणजे ‘ऑपरेशन नको’ असं मात्र नाही, आणि इथे मी ऑपरेशनच्याच बाजूचा आहे. अमेलोब्लास्टोमा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी जबड्याची गाठ, कागदावर निरुपद्रवी, वागण्यात नाही. हाडाच्या दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे पाय पसरून बसते. २०१४ साली त्यातल्या अनेकांत बीआरएएफ जनुकातला एक ठराविक बदल सापडला आणि त्वचेच्या कॅन्सरवरच्या गोळ्यांनी काही गाठी आकसल्याचे रिपोर्ट आले. आशा आहे, पण आज २५ वर्षांच्या मुलाला मी गोळ्यांवर सोडणार नाही. योग्य हद्द राखून कापतो. केराटोसिस्ट, जबड्यातली एक पोकळ गाठ, मधल्या वाटेवरची. गाठीला छोटं भोक पाडून नळी शिवून ठेवायची, रुग्णानं घरी सिरिंजनं दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्यानं धुवायचं. सहा-आठ महिन्यांत मुठीएवढी पोकळी सुपारीएवढी होते, नस मोकळी होते, आणि मग छोटं ऑपरेशन. पूर्ण टळत नाही, लहान होतं.

आणि एक धोक्याचा. जबड्यातला काळा डाग रक्तवाहिन्यांचा गुंता निघू शकतो. हललेला दात ‘काढून टाकू’ म्हणून ओढला आणि रक्त थांबेचना, असं व्हायला नको म्हणून बायोप्सीच्या आधी सुई घालून बघतो. सिरिंजचा पिस्टन लालभडक रक्तानं आपणहून मागे सरकू लागला, की तिथेच थांबायचं. त्याचा उपचार जांघेतून कॅथेटर नेऊन रक्तवाहिनी आतून बंद करणाऱ्या डॉक्टरांकडे सुरू होतो.

तुमच्याकडे वळतो. सोमवारी रक्त द्या. बायोप्सी जिथे झाली तिथून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेल्या काचा आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. कुठल्याही डेंटल कॉलेजच्या ओरल पॅथॉलॉजी विभागात दुसरं मत घ्या, जबड्याच्या काचा रोज बघणारी माणसं तिथे असतात. सीबीसीटीची सीडी आणा, नुसता छापील कागद नको. आणि या दरम्यान खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, दुखू लागलं किंवा दर आठवड्याला फुगवटा वाढताना दिसला, तर माझ्या या उत्तराला धरून बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

खो-खोचं. सुळ्याखालचं हाड आत्ता पोकळ आहे आणि खांबाला सूर मारताना मुलं हनुवटीवरच पडतात. त्यामुळे निदान सहा महिने सामना नाही, सूर नाही. पळायला, दोरीवर उड्या मारायला माझी हरकत नाही. चिक्की, ऊस आणि कडक भाकरीचा पापुद्राही डाव्या बाजूनं. तिच्या सरांना चिठ्ठी हवी असेल तर पहिल्या खेपेला आठवण करा, मी लिहून देतो.